आधी न्हाणीघर, मग दिवाणखाना

मुंबई, ठाणे, पुणे, नाशिक यांसारख्या शहरांत नोकरी करणारे तरुण दांपत्य जे पहिले घर घेते, ते बहुधा नवे नसते. नव्या इमारतींतील सदनिकांचे भाव ऐकून ते चार-सहा महिन्यांतच शहाणे झालेले असते. मग तीस-पस्तीस वर्षांपूर्वीच्या एखाद्या गृहनिर्माण संस्थेतील, कोणीतरी विकायला काढलेली दोन-तीन खोल्यांची जागा त्याच्या पदरात पडते. स्वतःजवळची रक्कम, मुद्रांक शुल्क, नोंदणी, संस्थेचे हस्तांतर शुल्क आणि दलाली एवढे सगळे भागवून झाले, की हाती उरते ती किल्ली आणि वीस वर्षांच्या हप्त्यांचे वेळापत्रक. घराची अवस्था तर ठरलेलीच असते. मोझॅकच्या फरशीवर न निघणारे डाग, मोरीच्या भिंतीला ओल, मधोमध तडकलेला कडप्प्याचा ओटा, पिवळी पडलेली विजेची बटणे. अशा वेळी बहुतेक जोडपी एक खोली राहण्याजोगी करून घेतात, सगळे सामान तीत रचतात आणि पुढची खोली पुढच्या दिवाळीच्या बोनसवर सोडतात. दोन-तीन वर्षे असा संसार अर्ध्या घरात चालतो.

या पद्धतीची आपल्याकडे थोडी टवाळीच होते. नातेवाईक विचारतात, "अजून कामच चालू आहे का?" कंत्राटदार सांगतो, की तुकड्यातुकड्याने काम केले तर खर्च वाढतो, एकदाच सगळे उरकून टाका, पैशाची सोय मी करून देतो. त्याच्या बोलण्यात तथ्य अजिबात नाही असे नव्हे. गवंडी, प्लंबर आणि सुतार यांना तीन वेळा बोलावण्यापेक्षा एकदा बोलावणे स्वस्त पडते. आणि धूळ तीन वर्षे खाण्यापेक्षा तीन महिने खाल्लेली बरी, हेही कोणी नाकारणार नाही. पण पैशाची जी सोय तो करून देतो, ती वैयक्तिक कर्जाची असते आणि तिचा व्याजदर गृहकर्जाच्या दरापेक्षा बराच चढा असतो. पगाराचा मोठा हिस्सा आधीच पहिल्या हप्त्यात जात असताना त्यावर दुसरा हप्ता चढवणे म्हणजे घराच्या भिंती रंगवण्यासाठी घरातील माणसांचा श्वास कोंडणे होय. सरकारनेही अशा दुरुस्तीकडे कधी फारसे ममतेने पाहिलेले नाही. १९६१च्या प्राप्तिकर कायद्याने राहते घर विकत घेण्यासाठी काढलेल्या कर्जाच्या व्याजावर वर्षाला दोन लाख रुपयांपर्यंत वजावट दिली. तेच कर्ज घराच्या दुरुस्तीसाठी काढले असेल तर मर्यादा तीस हजारांची. नवे घर बांधणाऱ्याला प्रोत्साहन आणि जुने घर टिकवणाऱ्याला खिरापत, असा तो हिशेब होता.

तेव्हा खोली-खोलीने घर सुधारणाऱ्या दांपत्याची बाजू घेणे प्रस्तुत लेखकाला आवश्यक वाटते. मात्र ती बाजू घेताना त्या दांपत्याला एक प्रश्नही विचारला पाहिजे: पहिली खोली कोणती?

आपल्या समाजाला हे तंत्र नवे नाही. कोकणातले घर आधी माजघर आणि पडवी एवढेच असे. मुलाचे लग्न ठरले की एक खोली वाढे, मुंबईहून पैसे आले की कौले बदलली जात. पुण्यात १९६१ साली पानशेतचे धरण फुटून पूर आला आणि पूरग्रस्तांसाठी नव्या वसाहती वसवाव्या लागल्या. तेथेही जी छोटी घरे मिळाली ती लोकांनी आपापल्या ऐपतीने पुढे वाढवली. १९८०च्या दशकात जागतिक बँकेच्या साहाय्याने मुंबईच्या चारकोप भागात लहान लहान भूखंड आखून दिले गेले, त्यामागेही हीच कल्पना होती, की सरकारने जमीन, पाणी आणि मलनिस्सारण यांची व्यवस्था करावी आणि घर ज्याचे त्याने जमेल तसे उभारावे. या विचाराला सर्वांत सुंदर रूप दिले ते वास्तुशिल्पी चार्ल्स कोरिया यांनी. सिडकोसाठी १९८३ ते १९८६ या काळात त्यांनी नवी मुंबईत बेलापूर येथे जी वसाहत उभी केली, ती 'आर्टिस्ट व्हिलेज' या नावाने ओळखली जाते. लहान अंगणाभोवती सात-सात घरांचे पुंजके आणि प्रत्येक घर आपापल्या स्वतंत्र भूखंडावर, अशी तिची मांडणी होती. तीत एक गोष्ट कटाक्षाने पाळलेली होती: कोणत्याही दोन घरांची भिंत सामाईक नव्हती. एका कुटुंबाने घर वाढवले, पाडले, पुन्हा बांधले, तरी शेजाऱ्याच्या घराला धक्का लागू नये हा त्यामागील हेतू. पुढे तेथील अनेक मूळ घरे जाऊन त्यांच्या जागी दोन-तीन मजल्यांची पक्की घरे उभी राहिली. कोरियांच्या चाहत्यांना त्याचे वाईट वाटते. पण घरे वाढावीत हेच तर त्यांनी योजले होते.

सदनिकेचे दुर्दैव असे, की तिच्यात एकही भिंत पूर्णपणे आपली नसते. आपली जमीन ही खालच्याचे छत असते आणि आपले छत वरच्याची जमीन. करारनाम्यात 'मालकी हक्काची सदनिका' असे शब्द असतात, १९६३च्या कायद्याने ते आपल्या अंगवळणीही पडले आहेत. परंतु त्या मालकीत खांब, तुळया, स्लॅब आणि भिंतीतून खाली उतरणारे नळ येत नाहीत. ती सर्वांची सामाईक मिळकत. वाडवडिलांनी ज्या मोकळेपणाने पडवी वाढवली तो मोकळेपणा तिसऱ्या मजल्यावर आणता येत नाही. आणि म्हणूनच कोणत्या क्रमाने काम करायचे, हा केवळ सोयीचा किंवा हौसेचा प्रश्न राहत नाही.

आपल्याकडचा रूढ क्रम असा आहे: आधी दिवाणखाना. कारण पाहुणे तेथे येतात. सत्यनारायण तेथे घालायचा असतो. नवी फरशी, छताला प्लास्टर ऑफ पॅरिसची नक्षी, दूरचित्रवाणीसंचामागे लाकडी तक्तपोशी हे सारे पहिल्या वर्षी होते. दुसऱ्या वर्षी शयनगृहातील कपाट. स्वयंपाकघर त्यानंतर. आणि न्हाणीघर व संडास यांची पाळी येते तेव्हा पैसे आणि उत्साह दोन्ही संपलेले असतात. मग जुन्या टाइलांच्या सांध्यांत पांढरे सिमेंट भरून वेळ मारून नेली जाते. नेमका हाच क्रम उलटा हवा.

तीस वर्षांच्या सदनिकेत खरी झीज होते ती पाण्याच्या वाटांवर. न्हाणीघराचा स्लॅब बहुधा खाली घेतलेला असतो. त्यात विटांच्या तुकड्यांचा कोबा भरून त्यावर फरशी बसवलेली असते आणि त्या भरावातून नळ गेलेले असतात. जुन्या इमारतींतील लोखंडी नळ आतून गंजतात, नहाणी ट्रॅपचा सांधा सुटतो, आणि पाणी कोब्यात जिरू लागते. वर काहीच दिसत नाही. दिसते ते खालच्या घरात, छताला पडलेल्या तपकिरी डागाच्या रूपाने. आणि तेव्हासुद्धा वरच्या मजल्यावरील मंडळी "आमच्याकडे तर सगळे कोरडे आहे" असे प्रामाणिकपणे सांगत असतात. काँक्रीटमधील सळईला ओल आणि हवा मिळाली की ती गंजू लागते. गंजाचे आकारमान मूळ लोखंडाच्या दुपटीहून अधिक, म्हणून सळई आतून फुगते आणि बाहेरचे काँक्रीट ढकलून देते. आपण ज्याला छताचे पोपडे म्हणतो त्यांची उत्पत्ती ही अशी आहे. त्यावर गिलावा करून रंग लावणे म्हणजे गळवावर पावडर लावणे. गृहनिर्माण संस्थांचे उपविधी याबाबत स्पष्ट आहेत: गच्चीतून होणारी गळती संस्थेने दुरुस्त करायची, सदनिकेतील न्हाणीघर, संडास वा मोरी यांतून होणारी गळती सदस्याने. उपविधी असूनही भांडणे होतात, कारण गळती कोठून होते हे कोणालाच मान्य नसते.

यावर उपाय महागडा आहे, पण अवघड नाही. न्हाणीघराची फरशी पूर्ण उखडायची, कोबा काढायचा, नळ बदलायचे, जलरोधक थर द्यायचा, आणि फरशी बसवण्यापूर्वी निचऱ्याची तोंडे बंद करून त्या खोलीत दोन-तीन दिवस पाणी साठवून ठेवायचे. पातळी उतरली का, खालच्या छताला ओल आली का, हे पाहायचे. गवंडी हे काम टाळू पाहतो, कारण त्या दिवसांची मजुरी कोणी देत नाही. ती द्यावी. दिवाणखान्याच्या छतावरील नक्षीतले दोन वळसे कमी केले तर तेवढे पैसे सहज निघतात. आणि ही परीक्षा खालच्या मजल्यावरील शेजाऱ्याला आधी सांगून, त्याच्या देखत करावी. पुढील वीस वर्षांच्या शेजारधर्माची ती चांगली सुरुवात ठरते.

पाण्यानंतर वीज. हे घर ज्या काळी बांधले गेले, त्या काळी त्यात चार दिवे, तीन पंखे, एक इस्त्री आणि फार तर एक शीतकपाट एवढेच चालायचे होते. आज त्याच तारांवर पाणी तापवण्याचे यंत्र, वातानुकूलन यंत्र आणि विजेची शेगडी चालते. दोन हजार वॅटचे एकच उपकरण २३० व्होल्टवर सुमारे ९ अँपिअर प्रवाह खेचते. अशी दोन-तीन एकदम लागली, की भिंतीतील जुनी तार तापते आणि तिचे वेष्टन ठिसूळ होत जाते. भिंतीला नवा रंग दिल्यावर तार बदलायची म्हणजे तीच भिंत पुन्हा फोडणे. खोली-खोलीने काम करणाऱ्यांनी निदान एवढे तरी करावे, की विजेचा आणि पाण्याचा आराखडा संपूर्ण घराचा एकदाच आखून घ्यावा, अंमल मग टप्प्याटप्प्याने होऊ द्यावा. गळती झाल्यास विद्युतप्रवाह तोडणारे उपकरण पहिल्याच दिवशी बसवावे. त्याची किंमत दिवाणखान्यातील एका झुंबराएवढीही नसते.

फरशीच्या बाबतीत एक खोड अलीकडे फार बोकाळली आहे. जुनी फरशी उखडण्याचा खर्च आणि राडारोडा वाचावा म्हणून तिच्यावरच मसाला पसरून नव्या मोठ्या टाइल बसवल्या जातात. दहा फूट गुणिले पंधरा फुटांच्या खोलीत असा पाच सेंटिमीटरचा थर वाढवला, तर स्लॅबवर सुमारे दीड टन कायमचे ओझे चढते. राहत्या घराच्या स्लॅबची रचना करताना माणसे व सामान यांसाठी धरलेला भार दर चौरस मीटरला साधारण २०० किलो असतो. त्यातला निम्मा या एका थराने खाऊन टाकला. पाच मजल्यांवरच्या दहा बिऱ्हाडांनी हेच केले तर काय, असा विचार एकट्या बिऱ्हाडाच्या मनात येत नाही, आणि संस्थेच्या कार्यकारी समितीच्या मनातही येत नाही.

भिंतींचा विषय याहून गंभीर आहे. 'मोकळी हवा' मिळावी म्हणून स्वयंपाकघर आणि दिवाणखाना यांतील भिंत काढण्याची सध्या टूम आहे. काही जुन्या इमारतींत भिंतीच भार वाहतात; तेथे भिंत काढणे म्हणजे पाय काढणे. काँक्रीटच्या चौकटीच्या इमारतीत विटांची भिंत काढता येते असे म्हणतात, पण ती भिंत कोणती, तिच्यात खांब लपलेला आहे का, तिच्यावर पाण्याची टाकी आहे का, हे संरचना अभियंत्याने पाहून लेखी दिल्याशिवाय हातोडा उचलू नये. २५ जुलै २०१७ रोजी घाटकोपर येथील सिद्धी साई ही चार मजली इमारत कोसळली आणि १७ जणांचा बळी गेला. तळमजल्यावर चाललेल्या फेरबदलांत आधाराच्या खांबांना धक्का लावल्याचा आरोप त्यानंतर झाला. वरच्या मजल्यांवर सकाळी आपापल्या कामात असलेल्या माणसांचा त्या फेरबदलांशी काडीचाही संबंध नव्हता.

आता त्या दांपत्याकडे पुन्हा वळू. खोली-खोलीने काम करण्यात पैशाखेरीज आणखी एक लाभ आहे आणि त्याचे मोल कंत्राटदाराला कळत नाही. घरात राहिल्याशिवाय घर समजत नाही. कोणत्या भिंतीवर पावसाची झड येते, कोणत्या खिडकीतून मे महिन्यात दुपारी तीनला ऊन आत शिरते, कपडे कोठे लवकर वाळतात, हे एक पावसाळा आणि एक उन्हाळा तेथे काढल्यावरच उमगते. ज्यांनी ताबा मिळताच संपूर्ण घर एकरकमी सजवून घेतले, त्यांच्या लाकडी कपाटांमागे पहिल्याच श्रावणात बुरशी धरल्याची उदाहरणे आपल्या ओळखीत प्रत्येकाला सापडतील.

स्वयंपाकघराचा ओटा हे याचे उत्तम उदाहरण. त्याची उंची गवंडी आपल्या सवयीने ठरवतो. जिला त्या ओट्याशी रोज दोन-तीन तास उभे राहायचे, तिची उंची कोणी मोजत नाही. ओटा दोन इंचांनी खाली राहिला तर पाठ मोडते, वर गेला तर खांदे. महाराष्ट्र शासनाने २०२१पासून स्त्रीच्या एकटीच्या नावे घर घेतल्यास मुद्रांक शुल्कात एक टक्क्याची सवलत दिली, ते ठीक झाले. पण कागदावर जिचे नाव आले तिला घरातील बटणे, फळ्या आणि ओटा कोठे हवा हे विचारले जातेच असे नाही. फरशीचा रंग दोघांनी मिळून निवडला, की आपण समतेने वागलो असे अनेक सुशिक्षित पुरुषांना वाटते. दोघांचेही पगार घरात येत असतील, तर रात्री आठ वाजता त्या ओट्याशी कोण उभे राहणार याचा निर्णयही ओटा बांधण्यापूर्वी व्हायला हरकत नाही. दोघे उभे राहणार असतील तर मोजमाप दोघांचे घ्यावे लागेल!

आणखी एका वर्गाचा उल्लेख केल्याशिवाय हा विषय सोडता येत नाही. बंद खिडक्यांच्या खोलीत कोरडी टाइल किंवा ग्रॅनाइट यंत्राने कापणारा कारागीर तोंडाला जुना रुमाल बांधून बसलेला असतो. त्या धुळीतील सिलिका फुप्फुसात साचते आणि बरा न होणारा सिलिकोसिस हा आजार जडतो. कारखान्यात हा व्यवसायजन्य रोग म्हणून नोंदला जातो; आपल्या शयनगृहात नोंद ठेवणार कोण? १९९६ साली बांधकाम कामगारांसाठी केंद्राचा कायदा झाला, पण त्यातूनही स्वतःच्या राहत्या घराचे दहा लाख रुपयांपर्यंतचे काम वगळले गेले होते. म्हणजे आपल्यासारख्यांच्या घरी राबणारा गवंडी त्या कायद्याच्या कक्षेबाहेरच राहिला. पातीवर पाण्याची धार सोडून कापले तर धूळ बरीच कमी होते. त्यासाठी एक बादली आणि एक नळी पुरते, मात्र घरमालकाने तसा आग्रह धरावा लागतो. चिखल होतो म्हणून घरमालकच नको म्हणतो, असाही अनुभव आहे.

उरला प्रश्न संस्थांचा. दुरुस्तीची परवानगी मागायला गेलेल्या जोडप्याकडून बहुतेक संस्था अनामत रक्कम घेतात, उद्वाहनातून वाळूची पोती नेऊ नका असे बजावतात, दुपारी दोन ते चार ठोकाठोक नको असा नियम सांगतात. हे सगळे योग्यच. राडारोड्याचे काय करणार हेही विचारायला हवे. २०१६ साली केंद्राने त्यासाठी नियम केले, तरी रात्री नाल्याकाठी रिकामा होणारा टेम्पो अजून दिसतोच. परंतु संस्थेने जे द्यायला हवे, ते ती देत नाही. मुंबई महानगरपालिकेच्या अधिनियमात तीस वर्षांहून जुन्या इमारतींच्या संरचनात्मक तपासणीची तरतूद आहे. आदर्श उपविधींप्रमाणे पंधरा ते तीस वर्षे वयाच्या इमारतीची तपासणी दर पाच वर्षांनी आणि त्याहून जुन्या इमारतीची दर तीन वर्षांनी व्हायला हवी. ज्या संस्थांनी ही तपासणी केली आहे, त्यांच्याकडे कोणता खांब कमजोर, कोणत्या स्लॅबला ओल, याचा अहवाल पडून असतो. नव्याने राहायला आलेल्या दांपत्याला तो वाचायला मिळाला, तर कोणत्या खोलीपासून सुरुवात करायची हे त्याला कोणा सजावटकाराला विचारावे लागणार नाही. परवानगीच्या अर्जासोबत तपासणी अहवालाची प्रत आणि खांब-तुळयांचा नकाशा देण्याचा ठराव कोणतीही संस्था पुढच्याच वार्षिक सर्वसाधारण सभेत करू शकते. त्याला सरकारी मंजुरी लागत नाही आणि खर्च येतो तो छायाप्रतींचा. आज नकाशा मागितला, तर सचिव महापालिकेत चौकशी करा म्हणतात, आणि महापालिकेतील कारकून तो संस्थेकडेच असेल असे सांगतो.